पाऊस सरला, सायकल काढली: दसरा ते दिवाळीच्या मधलं गावाकडचं सायकलिंग

रानजाई
नमस्कार मंडळी, परतीचा पाऊस एकदाचा आवरतोय असं दिसतंय म्हणून धागा काढतेय. मी आणि माझी नणंद दसऱ्यानंतर पुण्याहून भोर, मांढरदेव करत वाईला जायचं म्हणतोय, रात्री वाईत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. दोघींना घाट चढायची सवय आहे, त्यामुळे दम लागण्याची भीती नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. सायकलवाल्यांचे दोनच हंगाम ठरलेले असतात, पावसाळ्यात ताम्हिणीला धबधब्यापुढे फोटो आणि डिसेंबर-जानेवारीत स्पर्धा. मधले हे पाच-सहा आठवडे कोणी मोजतच नाही आणि माझ्या मते वर्षातलं सगळ्यात सुंदर सायकलिंग ह्याच दिवसांत होतं. हवा धुतलेली असते, लांबचे डोंगर एकामागे एक मोजता येतात, सकाळी गवतावर दव असतं, भात पिवळं पडायला लागलेलं असतं आणि त्याचा तो गोडसर वास रस्ताभर सोबत करतो. धरणं भरलेली, ओढे वाहते, पण डोक्यावर पाऊस नाही. अजून काय पाहिजे?

पण घरात विषय निघाला की यादी सुरू होते, कुत्री, ऊन, लवकर अंधार, साप, ट्रॅक्टर. ह्यातलं खरं किती आणि उगाच भीती किती? ज्यांनी ह्या दिवसांत गावाकडच्या रस्त्यांवर सायकल चालवलीय त्यांनी सांगा.

घाटमाथा
मताला जोरदार अनुमोदन! सोनकी राहिली की तुमच्या यादीत. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत घाटमाथ्याचे उतार नुसते पिवळे असतात. भोरच्या पुढे नीरा-देवघरच्या पाण्याकडेने वरंध्याच्या दिशेने जाणारा रस्ता ह्या दिवसांत बघाच कधीतरी, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला सोनकी, मधेमधे तेरड्याचे गुलाबी पट्टे. सोनकी सरली की बांधाबांधावर कुर्डू उभा राहतो आणि दिवाळीपर्यंत गवत सोनेरी होऊन जातं. गाडीतून हे सगळं एक रंग म्हणून मागे पळतं. सायकलवर प्रत्येक वळणाला वेगळं दिसतं, थांबावंसं वाटलं तर पार्किंग शोधावं लागत नाही.

गिअरबॉक्स_काका
सुंदर आहे हे मान्य, पण रानजाई, तुमच्या यादीत ऊन दुसऱ्या नंबरवर टाकलंय ते पहिल्यावर आणा. ऑक्टोबर हीटला लोक हसण्यावारी नेतात. एप्रिलमध्ये माणूस सावध असतो, टोपी घालतो, लवकर निघतो. ऑक्टोबरमध्ये सकाळी गार वाटतं म्हणून आठ वाजता निघतात आणि अकराला घाटाच्या मध्यात सापडतात. आकाश निरभ्र झालेलं असतं म्हणजे ऊन थेट लागतं, जमीन अजून ओली असते म्हणजे हवेत दमटपणा राहतो, आणि पावसाळी वारा पडलेला असतो. घाम सुकतच नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग गार कसं होणार? चढावर वेग आठ-नऊचा, म्हणजे स्वतःच्या वेगाने मिळणारा वारासुद्धा नाही.

पुण्यात ऑक्टोबरच्या मध्यात सूर्योदय साडेसहाच्या सुमारास आणि सूर्यास्त सहा-दहाच्या आसपास. जूनमध्ये सव्वासातपर्यंत उजेड असतो, तो अंदाज डोक्यात धरून निघालात तर एक तास कमी पडणार. पहाटे पाचला निघा, लाइट लावून. अंधारातले किलोमीटर सकाळचे घ्यावेत, संध्याकाळचे नाही.

केदार_पेडल
काका +१. सकाळी सगळे ताजे असतात, सायकलवालाही आणि समोरचा ट्रकवालाही. (निदान सायकलवाला तरी.)

स्टेथो
काकांच्या पोस्टला जोडून. नुसतं पाणी पीत राहू नका. तासन् तास घाम गेल्यावर फक्त साधं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम खाली येतं, मग डोकं जड, मळमळ, आणि माणसाला वाटतं ऊन लागलंय म्हणून तो अजून पाणी पितो. ओआरएसची पुडी सोबत ठेवा आणि ती एक लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या बाटलीत घालून गडद सरबत करू नका, ते पोटाला झेपत नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. लिंबू चवीला. घाम यायचा थांबला, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तर त्या माणसाला सावलीत आडवा करा, कपडे ओले करा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. "जरा बसून निघू" म्हणत परत सायकलवर बसवायचं नाही.

सासवडकर
ताई, तुम्ही कात्रजवरून हायवेने जाणार का? शक्य असेल तर नका जाऊ. कोंढव्यातून बोपदेव घाट चढून सासवडला या, तिथून नारायणपूर, केतकावळ्याकडून कापूरहोळ आणि मग भोर. पंधरा-वीस किलोमीटर वाढतील आणि एक चढ जास्तीचा लागेल, पण हायवेचे कंटेनर टळतील. शिवाय सीताफळं! पुरंदरच्या सीताफळाचा हंगाम चालू असतो, सासवडच्या बाजारात पाट्याच्या पाट्या लागलेल्या असतात. रस्त्याकडेला आजी बसलेल्या असतात, त्यांच्याकडून झाडावर पिकलेलं एखादं घ्या आणि तिथेच उभ्याने खा. जेल आणि एनर्जी बार विकत घेणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो, गोड आहे, मऊ आहे, कव्हरसकट येतं.

रानजाई
हा रस्ता डोक्यातच नव्हता, एकदम आवडला. सीताफळं परतीच्या वेळी घरी आणायची म्हटलं तर टिकतील का हो?

सासवडकर
कडक बघून घ्या. पिकलेली पॅनियरमध्ये (कॅरिअरच्या बाजूच्या पिशवीत) घातलीत तर घरी बासुंदी पोचेल.

केदार_पेडल
आता माझी तक्रार. ह्या दिवसांत मला कुत्र्यांपेक्षा, उन्हापेक्षा जास्त त्रास होतो तो रस्त्यावरच्या वाळवणाचा. मराठवाड्यात नातेवाइकांकडे सायकलने गेलो होतो. अर्धा रस्ता सोयाबीनने अडवलेला, कडेला मोठमोठे दगड लावलेले, आणि हे काय एका ठिकाणी नाही, प्रत्येक गावाबाहेर. सोयाबीन गोल दाणा, टायरखाली आला की सायकल घसरणारच. चुकवायला बाहेर यावं तर समोरून गाडी. काही ठिकाणी पीक उचललेलं पण दगड तिथेच, संध्याकाळी ते दिसतही नाहीत. रस्ता हा वाहतुकीसाठी आहे, खळं म्हणून नाही. पोलिसांनी सरळ कारवाई करायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

चेन_ल्युब
+१००. आणि सोयाबीनचं काड मागच्या गिअरमध्ये अडकतं ते वेगळंच. गिअर बदलणारा डिरेलर वाकवून ठेवतं.

बांधावरून
केदारभाऊ, तुमची पोस्ट वाचली, राग आला नाही पण उत्तर द्यावंसं वाटलं. मी सोयाबीनवाला शेतकरी, जिल्हा धाराशिव. सायकल माझ्याकडंही आहे, शाळेत असल्यापासून चालवतोय.

सोयाबीन निघतं सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरात. नेमका तेव्हाच परतीचा पाऊस. शेंग तयार झाली आणि पाऊस लागला तर शेंगेतच कोंब फुटतात, म्हणून काढावंच लागतं, ओलं असलं तरी. काढलं, बनीम म्हणजे गंजी लावली, मळणी यंत्र मिळेल त्या दिवशी मळलं. आता दाणा ओला. हमीभावाच्या केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर मॉइश्चर म्हणजे ओलावा असला की माल परत. २०२४ ला ओरड झाली तेव्हा नोव्हेंबरात केंद्र सरकारनं ते १५ टक्के केलं, तोवर कितीक लोकांनी मिळेल त्या भावानं माल घालून टाकला होता. व्यापारीही मीटर लावून बघतो आणि तेवढा भाव कापतो. म्हणजे वाळवणं ही हौस नाही, त्यावर वर्षाचे पैसे आहेत.

मग म्हणाल रानात वाळवा. आमची काळी जमीन. पाऊस झाला की पंधरा-पंधरा दिवस खालून ओल सोडत नाही. ताडपत्री टाकली तर खालून वाफ धरते. वडिलांच्या काळात प्रत्येकाच्या रानात खळं असायचं, शेणानं सारवलेलं. आता भावकीत वाटण्या होऊन दोन-अडीच एकर राहिलंय, त्यात खळ्याला जागा कुठून काढायची? गावात सिमेंटचा ओटा म्हणाल तर देवळापुढं एक, आणि शेतकरी दीडशे. डांबर काळं, तापतं, दिवसात दाणा खडखडीत होतो. म्हणून रस्ता.

दगड तसेच सोडून जाणारे चुकतातच, त्यांची बाजू मी घेणार नाही. त्यावर एखाद्याचा जीव जाईल. पण कारवाई करायची तर आधी गावाला वाळवायचा ओटा द्या, मग करा.

आणि एक सांगतो. वाळवणाशेजारी कोणीतरी बसलेलं असतंच, बहुतेक म्हातारं माणूस नाहीतर पोरगं. लांबून घंटी वाजवा, वेग कमी करा, हात करा. ते स्वतः उठून दाणे आत ओढून वाट करून देतात. आमच्याकडं सायकलवर आलेल्या माणसाला पाणी विचारल्याशिवाय कोणी पुढं जाऊ देत नाही.

फुलवंती_ताई
बांधावरून दादा, फार छान लिहिलंत. आम्ही शहरातली माणसं हे दिवस "निसर्ग" म्हणून बघायला जातो, आणि तिथे ऐन सुगी चालू असते. धाग्याला सुगीची बाजू हवीच होती.

केदार_पेडल
दादा, ओट्याचं पटलं. मॉइश्चरचा हिशोब मला माहीत नव्हता. तरी रात्रीच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. दिवसा माणूस बसलेला असतो, अंधार पडल्यावर ताडपत्री झाकून घरी जातात आणि काळ्या रस्त्यावर काळी ताडपत्री. मोटारसायकलवाले त्यावर जातात. निदान दगडाला चुना फासा, पांढरं दिसेल.

बांधावरून
चुन्याचं मनापासून पटलं. आमच्या गावच्या ग्रुपवर टाकतो आजच. चुना आहे घरात सगळ्यांच्या.

उत्रेख्तकर
इथे नेदरलँड्समधून जरा भर घालतो. आमच्याकडेही हा सुगीचाच हंगाम, बीट आणि बटाट्याचा. साखरेचं बीट काढलं की ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल रस्त्यावर येतो, त्यावर पावसाची भुरभुर झाली की सायकल सरळ आडवी. शेतकरी कडेला घसरण्याचा बोर्ड लावतात आणि काम संपलं की रस्ता झाडून, धुऊन घेतात. त्यातून पानगळ. बीच आणि ओकची ओली पानं सायकलच्या रस्त्यावर थर करून बसतात, खाली खड्डा आहे की विट निसटलीय काही कळत नाही. वळणावर ब्रेक मारायचा नाही, आधीच वेग उतरवायचा, एवढं एक इथे आल्यावर अंगवळणी पडलं. सूर्यही इतका खाली असतो की सकाळी-संध्याकाळी समोरच्या गाडीवाल्याला आपण दिसतच नाही. पण कालव्याकाठी बीचच्या तांबूस झाडांखालून जाताना जे वाटतं ते मला भोरच्या भातखाचरांतून जाताना वाटायचं तेच. रानजाई, जाऊन या आणि इथे फोटो टाका, आम्हाला तेवढंच.

गिअरबॉक्स_काका
साखरेचा विषय निघालाच आहे तर ऊस. रानजाई, तुम्ही दसऱ्यानंतर लगेच जाताय म्हणजे कदाचित वाचाल, पण दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे गाळप सुरू झाले की वाई, सातारा, फलटण, बारामती, सगळीकडे रस्त्यावर ऊसच ऊस. बीड-नगरकडच्या टोळ्या येतात, त्यांच्या बैलगाड्या पहाटे अंधारातच निघतात आणि बऱ्याच गाड्यांना मागे काहीही नसतं, ना लाइट ना रिफ्लेक्टर. पहाटे पाचला निघा असं मीच वर लिहिलंय म्हणून हे मुद्दाम लिहितोय. ऊस पट्ट्यातून पहाटे जाताना पुढचा लाइट चांगला दणकट हवा, मिणमिणता दिवा चालणार नाही.

दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर हा वेगळाच प्राणी. ड्रायव्हरच्या कानाशी गाणी इतकी मोठ्याने असतात की तुमची घंटी त्याला ऐकू येणं शक्य नाही. डावीकडून कधीही घुसू नका, वळणावर पहिली ट्रॉली बाहेरून जाते आणि दुसरी आत कापते, सायकलवाला नेमका त्या आतल्या जागेत असतो. मागे वाऱ्याचा आडोसा मिळतो म्हणून काही जण चिकटून चालवतात. ऊस बाजूला आलेला असतो, डोळ्याच्या उंचीवर, आणि मोळी सुटली तर अंगावर येते. थांबा, जाऊ द्या, उसाचं एखादं कांडकं मागा. देतात.

चेन_ल्युब
कांडक्याला अनुमोदन. सीताफळ झालं, ऊस झाला, ह्या धाग्यावर आता शेंगा कोण आणतंय?

वऱ्हाडी_ठेचा
शेंगा नाही, आमी संत्री आनतो. अंबिया बहार येतोच हाये आता. काटोल, वरुडच्या बाजूनं सायकल काढा ना एकदा, दोन्ही बाजूला बागा, मधात पराटी, म्हंजे कापूस, फुटलेली पांढरीफेक. पन आमच्याकडं पहाटेचं निघू नका बावा. काकांचं गनित इकडं उलटं. जंगलाच्या कडेच्या रोडवर पहाटे आन् संध्याकाळी रानडुकरं रोड ओलांडतात, एक गेलं की मागं पाच-सहा राहतातच, पह्यलं गेलं म्हनून तुमी निघाले की दुसरं येऊन धडकते. ताडोबाच्या आजूबाजूच्या गावांत तर लोकं सोता अंधारात शेतात जात नाहीत, वाघाचा मामला हाये. चांगलं उजाडू द्या, मंग निघा. दुपारी झाडाखाली झोपा. कोनाच्या बापाची घाई हाये?

घाटमाथा
हे बरोबर आहे, बिबट्याचं मावळ-जुन्नरलाही तसंच. ऊस उभा असतो तोवर तो उसात, ऊस तुटायला लागला की बाहेर पडतो. एकट्याने अंधारात उसाच्या कडेला थांबून पंक्चर काढत बसू नये, वस्तीपर्यंत ढकलत न्यावी.

लाल_माती
पंक्चरवरून आठवलं, सराट्यांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? आम्ही कोकणातले, आमच्याकडे प्रश्न वेगळे, जांभ्याच्या कडेला शेवाळ अजून ओलं असतं आणि घाटाखाली दमट इतकं की कपडे पिळून घ्यावे लागतात. पण देशावर आलो की सराटा. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला जमिनीसरपट पसरतो, छान पिवळी फुलं येतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुकून त्याची काटेरी फळं फुटतात. कसंही पडलं तरी एक काटा वर. एका टायरमध्ये चार-चार निघतात.

करायचं काय, तर विश्रांतीला थांबताना साईडपट्टीवर सायकल ढकलत नेऊ नका, उचलून न्या. पंक्चर निघालं की नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट नाही. फडकं जिथे अडकेल तिथे काटा. घाईत ट्यूब बदलली आणि काटा तसाच राहिला की पुढच्या किलोमीटरला परत तेच. वेड्या बाभळीचा काटा तर टायर लायनरलाही जुमानत नाही. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) ताजं आहे ना बघा, पावसाळाभर सायकल उभी असेल तर ते आत सुकून गेलेलं असतं.

सापाचं म्हणाल तर आमच्याकडे फुरसं आणि तुमच्याकडे घोणस. भात कापणीला आलं की उंदीर, आणि उंदरामागे साप. रात्री डांबर उबदार असतं म्हणून रस्त्यावर येऊन पडतात.

स्टेथो
साप चावला तर ब्लेड, तोंडाने ओढणं, दोरीने करकचून आवळणं, ह्यातलं काहीही करू नका. चावलेला पाय हलू देऊ नका, आडवं करून, गाडीत घालून, प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात. आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चौघांवर चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही, त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो.

कुत्र्याचंही इथेच लिहिते. पळवू नका सायकल, चढावर तर कुत्रं जिंकणारच. उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मधे धरा, शांतपणे चाला. बहुतेक वेळा उतरल्यावर कुत्र्याचा रसच संपतो. ओरखडा जरी आला तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. जखमेतून रक्त आलं असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शनही लागतं, ते तालुक्याच्या दवाखान्यात आहे का ते फोन करून विचारून मग जा. हळद, चुना, मिरची काही भरू नका.

केदार_पेडल
चुना दगडाला, जखमेला नाही. नोंद घेतली डॉक्टर.

फुलवंती_ताई
कुत्र्यांमध्ये एक प्रकार राहिला, धनगरांच्या मेंढरांबरोबरची. दिवाळीच्या सुमारास त्यांचे वाडे, म्हणजे कुटुंबांसकट कळप, घाट उतरून कोकणात जायला निघतात. पुढे मेंढरं, मागे घोड्यांवर सगळा संसार, वर खुराड्यात कोंबड्या, त्यावर एखादं लेकरू बांधलेलं. ती कुत्री कळपाची राखण करतात, त्यांच्या मधे सायकल घातली की ती येणारच, ते त्यांचं कामच आहे. अशा वेळी कडेला उतरून उभं राहावं, कळप जाऊ द्यावा. दहा मिनिटं जातात. त्या दहा मिनिटांत मी जे बघितलंय ते कुठल्या घाटाच्या टोकावरून दिसलेलं नाही. शेकडो मेंढरं पायांशेजारून वाहत जातात, घुंगरं, धूळ, ओल्या लोकरीचा वास, आणि मागून येणारी बाई विचारते, कुठली गं तू, एकटीच का?

मला ह्या दिवसांचं सायकलिंग ह्यासाठीच आवडतं. पावसात रस्ते रिकामे असतात, ज्याच्या त्याच्या घरात माणसं. आता सगळा गाव रस्त्यावर आणि रानात असतो. भात झोडणारे, शेंगा तोडणारे, पेंढा रचणारे. भोरकडे भात कापणी चालू असली तर बांधावर न्याहारीच्या वेळी थांबून बघा रानजाई, भाकरी-पिठल्याला नाही म्हणणं अवघड जाईल.

पक्षी_निरीक्षक_नाना
अवांतर: ह्या दिवसांत रस्त्यावर चतुरांचे थवेच्या थवे दिसतात ते बघा. त्यातला पिवळसर चतुर इथून मालदीववरून समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जात असावा असा अभ्यासकांचा कयास आहे. उतारावर चष्मा मात्र घाला, चतुर नाही पण बाकी चिलटं डोळ्यात जातात आणि पन्नासच्या वेगात डोळा मिटला म्हणजे संपलं. कड्यांवर आग्या मोहोळं असतील तिथे आरडाओरडा, अत्तर, धूर काही नको.

घाटमाथा
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण खरा धोका माझ्या मते अजून कोणी लिहिला नाही. दुपारची वीज. परतीचा पाऊस म्हणजे सकाळी लख्ख ऊन, दुपारी दोन-तीनला ढग फुलकोबीसारखे वर चढायला लागतात, चारला गडगडाट. आणि मांढरदेवचा माथा उघडा आहे, रस्त्यावर तुम्हीच सगळ्यात उंच. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही, पत्र्याच्या उघड्या शेडखाली नाही. पक्क्या घरात, शाळेत जायचं किंवा बंद गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

माझा सल्ला, मांढरदेव दुपारी बाराच्या आत ओलांडा. भोरला नऊपर्यंत न्याहारी झाली पाहिजे.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार, वाखूसा (वाचनखूण साठवली). इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. नणंदेला आख्खा धागा वाचून दाखवला. तिचं म्हणणं पडलं की घरच्यांची यादी खरी आहे पण प्रत्येक गोष्टीला उत्तरही आहे, मग जायचंच.

ठरलंय असं: पहाटे पाचला निघणार. पण सासवड, नारायणपूर करून भोरला नऊला पोचणं दोन चढांसकट आम्हाला झेपणार नाही, हिशोब केला, साडेदहा होतात. मग मांढरदेव उन्हात आणि ढगात दोन्हीत सापडतं. काय करू? हायवे घेऊ का? हायवेची मला खरंच भीती वाटते.

गिअरबॉक्स_काका
हायवे नको. दोन तुकडे करा. पहिल्या दिवशी सासवडवरून भोरला दुपारपर्यंत पोचा आणि तिथेच मुक्काम. संध्याकाळी ऊन उतरलं की राजवाडा बघा, भाटघर धरणाला चक्कर मारा. दुसऱ्या दिवशी पहाटे मांढरदेव, दहाच्या आत माथ्यावर, उतरून वाईत जेवायला. भोर ते वाई चाळीसेक किलोमीटर आहे, घाट धरूनही निवांत होतं.

सासवडकर
काकांचा प्लॅन बेस्ट. म्हणजे सासवडला बाजारात थांबायला वेळही मिळेल. येणार त्या दिवशी इथे लिहा, बोपदेवच्या माथ्यावर चहा माझ्याकडून.

रानजाई
मस्त! मग तीन दिवसांचं करतो, तिसऱ्या दिवशी वाईहून परत. घाटमाथा, मांढरदेव उतरताना वाईच्या बाजूचा रस्ता आत्ता कसा आहे? पावसाने खड्डे पडलेत का? आम्ही दोघी रिम ब्रेकवर आहोत.

घाटमाथा
उतार लांब आणि वळणाचा आहे. पावसानंतर वळणांच्या आतल्या बाजूला बारीक खडी वाहून येऊन बसते, दिसत नाही, त्यामुळे वळणात शिरायच्या आधी वेग उतरवा, वळणात ब्रेक नको. रिम ब्रेक सलग दाबून ठेवू नका, रिम तापते. पुढचा-मागचा आलटून पालटून, मधेमधे थांबून रिमला हात लावून बघा. निघायच्या आधी ब्रेकचे रबर तपासा, पावसाळ्यात चिखलाने ते पटकन झिजलेले असतात. गेल्या रविवारी एक मित्र तिकडून आला, त्याला आज विचारून रस्त्याचं रात्री लिहितो. टायर किती रुंदीचे आहेत तुमचे?

रानजाई
माझे ३२ मिमी, तिचे ३५.

घाटमाथा
पुरेसे आहेत. हवा थोडी कमी ठेवा, आणि चाकांचा व्यास एकच असेल तर ३२ आणि ३५ दोन्हीला बसणाऱ्या एकाच मापाच्या ट्यूब घ्या. सराटे वाईकडेही आहेत.